रेल्वेच्या जुन्या छापील जाहिराती जमवायच्या आहेत? सोलापुरात बसून सुरुवात अशी करा

आमचा शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. परगावी जाणाऱ्या खोक्यात बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये कागद कोंबावा लागतो. त्यामुळे आमच्या घरातून रद्दी बाहेर जात नाही, आत येते. २०११च्या उन्हाळ्यात रद्दीवाल्या मामांनी असाच एक गठ्ठा दारात टाकला. वर्तमानपत्रांच्या मध्ये गुळगुळीत कागदाचं एक अमेरिकन मासिक होतं, पुढची-मागची पानं गेलेली. "घ्या की ओ अक्का, आत चित्रं लई भारी आहेत," मामा म्हणाले. बरणीभोवती गुंडाळायला पान फाडणार, तेवढ्यात चित्राकडे लक्ष गेलं. मांजराचं पिल्लू, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून गाढ झोपलेलं, एक पंजा तेवढा बाहेर. खाली नाव होतं 'चेसापीक अँड ओहायो' या रेल्वे कंपनीचं. रेल्वेची जाहिरात, आणि चित्रात ना इंजिन ना रूळ!

ते पान फाडलं नाही. पण पुढच्या तीन-चार वर्षांत बाकी बरंच काही फाडलं, चिकटवलं, लॅमिनेट केलं, आणि एकदा चांगलीच फसले. तुम्ही या छंदात नव्याने पडत असाल तर निदान त्याच चुका पुन्हा स्वतःच्या पैशाने करू नका, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू. या जाहिराती बघून पोटात जे हलतं, ती आठवण नसते. शिकागोहून सुटणाऱ्या गाडीच्या डायनिंग कारमध्ये माझी कसली आठवण असणार? तरी हुरहूर लागतेच. जाहिरातीतली गाडी कधी लेट नसते, खिडकीची जागा मोकळी असते, आणि प्रत्येक प्रवाशाला कुणीतरी चहा विचारत असतं. सणाच्या आदल्या दिवशी सोलापूर स्टेशनवर जनरल डब्यात शिरलेल्या माणसाला यातली गंमत फोड करून सांगायला नको. ही हुरहूर विकणाऱ्याला मात्र आपल्यापेक्षा चांगली कळते. तेव्हा पाकीट उघडण्याआधी पुढचं वाचा.

१. काय जमवायचं ते आधी ठरवा

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत: पोस्टर, मासिकातलं पान, आणि वेळापत्रकं-हस्तपत्रिका.

पोस्टर सगळ्यांनाच हवं असतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या रेल्वेंनी प्रसिद्धीचं काम जोरात सुरू केलं, लंडन-न्यूयॉर्कमध्ये कचेऱ्या थाटल्या आणि परदेशी पाहुण्यांना बोलावणारी रंगीत पोस्टरं काढली. घाट, देवळं, हत्ती, हिमालय. फार सुंदर काम आहे. पण अस्सल पोस्टर आपल्या खिशाला परवडत नाही आणि नकलांचा सुळसुळाट नेमका इथेच. नवख्याने पोस्टरच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

सुरुवात करा मासिकातल्या पानापासून. ते लाखोंच्या संख्येने छापलं गेलं, म्हणून स्वस्त. अंकाला तारीख असते, म्हणून साल सापडतं. आणि स्वस्त असल्यामुळे त्याची नक्कल करायला कुणी बसत नाही. अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी मासिकांवर पाण्यासारखा पैसा ओतला. 'लाइफ' हे साप्ताहिक १९३६ ते १९७२ चाललं. त्याचे जुने अंक उघडले तर न्यूयॉर्क सेंट्रल, पेनसिल्व्हेनिया, सांता फे या कंपन्यांची पानंच्या पानं भेटतात. माझ्या मांजरीचंही नाव पुढे कळलं: चेसी. गिडो ग्र्युनेवाल्ट या व्हिएन्नाच्या चित्रकाराचं ते एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, रेल्वे कंपनीच्या माणसाने वर्तमानपत्रात पाहिलं, हक्क घेतले, आणि सप्टेंबर १९३३च्या 'फॉर्च्यून' मासिकात ते पहिल्यांदा छापलं. आमच्या वातानुकूलित डब्यात मांजराच्या पिल्लासारखे झोपा, एवढंच सांगणं. लोकांनी ते असं डोक्यावर घेतलं की १९३७मध्ये तिला पीक नावाचा जोडीदारही आणावा लागला.

अशा दोन-तीन जाहिराती आधी ओळखीच्या करून घ्या म्हणजे नजर तयार होते. १९४२ साली न्यू हेवन रेल्वेने छापलेली 'अप्पर फोरमधला पोरगा' ही त्यातली एक. लढाईवर निघालेला कोवळा मुलगा वरच्या बर्थवर जागा पडलाय, घरचं खाणं आणि कुत्रा आठवतोय. खालच्या मजकुरात प्रवाशांना सांगितलंय की तुम्हाला उभं राहावं लागलं, डायनिंग कारमध्ये थांबावं लागलं, तर ते याच्यासाठी. गाड्यांची गैरसोय होते म्हणून आलेल्या तक्रारींना दिलेलं ते उत्तर होतं. दुसरी १९४६ची, पुन्हा चेसापीक अँड ओहायोचीच. डुक्कर गाडी न बदलता अमेरिका आडवी ओलांडू शकतं, तुम्ही मात्र नाही, असा टोमणा तिच्यात होता. शिकागोला गाडी बदलावी लागायची त्यावर तो होता, आणि त्याच वर्षी थेट जाणारे शयनडबे सुरू झाले. जाहिरातीने एवढं काम केल्याची उदाहरणं थोडी.

मराठीत शोधायचं तर जुने दिवाळी अंक आणि मासिकं. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९चा, 'किर्लोस्कर' १९२०पासूनचं. अस्सल पान हाती लागलं तर शेजारी केशतेलाची, बियाण्यांची, शिलाई यंत्रांची जाहिरात असेल. तिलाही सोडू नका.

तिसरा प्रकार म्हणजे वेळापत्रकं, यात्रेच्या गाड्यांच्या हस्तपत्रिका, भाड्याचे तक्ते. दिसायला रूक्ष. पण सोलापूरकराला खरी मजा यातच आहे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६०मध्ये सोलापूरला आली आणि १८७१मध्ये रायचूरला मद्रासकडच्या लाइनला जोडली गेली. शेजारी १८९७पासून बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, पुढे लातूर, पंढरपूर आणि १९२७मध्ये मिरजेपर्यंत गेलेली. रंगीत पोस्टरांत हत्तीवर बसलेले पाहुणे दिसतात. तिसऱ्या वर्गाचा वारकरी दिसत नाही, आणि गाड्या तर त्यानेच भरलेल्या असायच्या. अमेरिकन जाहिरातींतही काळा माणूस दिसतो तो बहुधा ट्रे धरलेला वेटर म्हणून. रूक्ष वेळापत्रक त्या मानाने प्रामाणिक: तिसऱ्या वर्गाचं भाडं त्यात छापलेलं असतंच.

विषय लहान ठेवा. 'रेल्वेच्या जाहिराती' हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. मी फक्त गाडीतली झोप आणि गाडीतलं जेवण एवढंच घेते.

२. लागणारं सामान

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं चालतं.
- नोटा तपासायचा निळा दिवा, म्हणजे यूव्ही टॉर्च.
- मऊ ब्रश, नवा कोरा. रंगकामाचा जुना धुऊन घेतलेला नको.
- पातळ, बोथट पातं, टाचण्या उघडायला.
- स्टीलची पट्टी आणि शिसपेन्सिल. पेन या टेबलावर आणायचंच नाही.
- पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठा. पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं.
- एक स्कॅनर. मोबाइलचा फोटो नोंदीपुरता ठीक.
- नोंदवही.

हातमोजे लिहिलेले नाहीत, मुद्दाम. सुती मोज्यांत कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुऊन कोरडे करा, बास. आमच्या घरात याचा अर्थ चटणीचं काम संपल्यावर दोनदा धुणे. १९५०च्या सुमाराच्या एका पानावर शेंगदाण्याच्या तेलाचं माझंच बोट उमटलेलं आहे. ते आता पानाच्या इतिहासाचा भाग.

३. कुठे शोधायचं

रद्दीवाला पहिला. त्याला 'जुन्या जाहिराती आहेत का' विचारू नका, भाव दुप्पट होईल. 'जुनी गुळगुळीत मासिकं' विचारा, किलोवर घ्या. मंगळवारच्या बाजारात सकाळी लवकर जा. दुपारच्या उन्हात कागद उघडून बघायचा धीर राहत नाही, तुमचाही आणि कागदाचाही.

दुसरी जागा म्हणजे बंद झालेली घरं. सोलापुरात गिरण्यांचे अधिकारी, रेल्वेतले कर्मचारी, वकील, डॉक्टर यांच्या पिढ्या होऊन गेल्या. मुलं पुण्याला, परदेशात. घर विकताना माळा रिकामा होतो. 'रेल्वे लाइन्स'सारख्या भागात ओळख ठेवा. शब्द टाकून ठेवायचा, मागे लागायचं नाही. एका घरी मी घाई केली, तर त्यांना वाटलं मी सोनं शोधतेय. सगळं परत माळ्यावर गेलं.

वाचनालयांतून बाद केलेले अंकही येतात. त्यावर 'रद्द' असा शिक्का असल्याची खात्री करा. शिक्का नसेल तर ते पुस्तक कुणीतरी परत केलेलं नाही, इतकंच समजायचं.

बाहेरगावी जायचं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे, तिथला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी पुस्तकं लागतात; सोलापूरकर तिकडे फार जात नाहीत, मला मात्र तिथेच जास्त मिळालं. मुंबईचा चोर बाजार पाहायला जा. घ्यायला नको, निदान पहिल्या वर्षी.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर अमेरिकन विक्रेते मासिकं सोडवून एकेक पान विकतात. पानापेक्षा टपालखर्च जास्त होतो. चार-पाच पानं एकत्र मागवा.

४. पैसे देण्याआधी: जुनं आहे की जुनं दिसतंय?

माझी फजिती इथली. दुसऱ्या एका शहरात प्रदर्शनात 'डेक्कन क्वीन'चं 'मूळ' पोस्टर दिसलं. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली, पोस्टर त्याच काळातलं असं विक्रेत्याने सांगितलं. कडा तपकिरी, घडीच्या खुणा, कोपरा कुरतडलेला. मी साडेचार हजार मोजले. घरी येऊन भिंग लावलं आणि खाली बसले.

भिंगातून चित्र नाही, अक्षरं बघा. ही सगळ्यात सोपी आणि खात्रीची चाचणी. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असू शकतं, पण मजकुराचं अक्षर सलग शाईचं असतं, कड स्वच्छ. नव्या नकलेत मूळ पानाचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असतं, त्यामुळे अक्षरही रंगीत ठिपक्यांनी बनतं. माझ्या पोस्टरवर 'बॉम्बे'चं पहिलं अक्षर म्हणजे निळ्या-गुलाबी-पिवळ्या मोहरीची रांगोळी होती.

मग कागदाचा रंग. कागद म्हातारा होतो तो कडांकडून आत, आणि घडीच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी. चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी असतो, घडी उघडली तरी आतही तेवढाच. कधी पाण्याची लाट थांबल्यासारखी रेघ दिसते. माझ्या पोस्टरला ती होती. दुकानात मला ती 'जुनेपणा' वाटली.

अंधारात यूव्ही टॉर्च मारा. १९५०नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी चमक आणणारी रसायनं सर्रास आली. असा कागद निळसर पांढरा पेटतो. १९३०च्या नावाखाली विकलेला कागद असा पेटला तर नमस्कार करून निघा. उलट मात्र खरं नाही. पेटला नाही म्हणजे जुना, असं होत नाही.

माप घ्या. त्या काळी रेल्वे पोस्टरांचं ठरलेलं ब्रिटिश माप २५ बाय ४० इंच. 'मूळ' पोस्टर जर बरोबर ए-थ्री भरत असेल तर ते झेरॉक्सच्या दुकानातून आलंय.

शेवटी बोट फिरवा. खिळ्यांच्या, म्हणजे सुटी धातूची अक्षरं जुळवून केलेल्या छपाईत अक्षर कागदात किंचित दाबलेलं असतं, पाठीमागून उंचवटा लागतो. सोलापुरात लग्नपत्रिका ट्रेडल मशीनवर छापून घेतलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही, नातवंडांना लागतं.

नक्कल घेणं हा गुन्हा नाही. चांगली नक्कल भिंतीवर छान दिसते. नक्कल मूळ म्हणून घेतली की पोट दुखतं. माझं पोस्टर अजून आहे, धान्याच्या कोठीच्या दाराला.

५. साल कसं काढायचं

अंक पूर्ण असेल तर प्रश्नच नाही. सुटं पान असेल तर गुप्तहेर व्हायचं. मला छंदात सगळ्यात आवडतं ते हेच, म्हणून जरा सविस्तर.

आधी पैसे बघा. भाडं किंवा किंमत आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं, किंवा फार तर त्याच्या आसपासचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. नुसते 'पैसे' असतील तर जून १९६४नंतरचं. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचं. तिसऱ्या वर्गाचं भाडं असेल तर १९७४च्या आधीचं, कारण त्या वर्षी तिसरा वर्ग गेला.

मग रेल्वेचं नाव. 'जीआयपी' असेल तर ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीचं. त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. 'बार्शी लाइट रेल्वे कंपनी' असं नाव असेल तर १९५४च्या आधीचं, त्या साली ती सरकारने घेतली. कुर्डुवाडीच्या जागी 'बार्शी रोड' दिसलं तर घाबरू नका, स्टेशन तेच.

आता एक खास सोलापुरी खूण, जी बाहेरच्या संग्राहकांना चकवते. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्यात गेला, आणि १९७७मध्ये परत मध्य रेल्वेत आला. म्हणजे सोलापूर विभागाच्या कागदावर मुख्यालय सिकंदराबाद छापलेलं असेल तर तो कागद त्या अकरा वर्षांतलाच. पुण्यातल्या एका विक्रेत्याने अशी एक घडीपत्रिका 'चुकीची छपाई' म्हणून मला वीस रुपयांना दिली. मी काही बोलले नाही.

व्हीटीचं सीएसटी १९९६मध्ये आणि सीएसएमटी २०१७मध्ये झालं, हे ताज्या कागदांसाठी.

अमेरिकन पानांची खूण पत्त्यात असते. शहराच्या नावापुढे सुटा एक-दोन आकडी क्रमांक असेल तर १९४३ ते १९६३. पाच आकडी झिप कोड असेल तर १ जुलै १९६३नंतरचं. कंपनीचं नाव अ‍ॅमट्रॅक, म्हणजे तिथली सरकारी प्रवासी रेल्वे, असेल तर १९७१नंतरचं. तोवर या जुन्या कंपन्यांची प्रवासी वाहतूक बहुतेक संपलीच होती, मोटारी आणि विमानं आली होती.

माझ्या मांजरीच्या जाहिरातीखाली पत्ता होता 'क्लीव्हलंड १, ओहायो'. म्हणजे १९४३च्या पुढचं. मग पान उलटलं. मागे साबणाची अर्धी जाहिरात, तिच्या तळाशी बारीक अक्षरात युद्धरोखे विकत घ्या असं आवाहन. म्हणजे लढाई चालू होती. १९४३ ते १९४५. नोंदवहीत तेवढंच लिहिलं, 'अंदाजे १९४४' असं नाही.

हे सगळं मागच्या पानाने सांगितलं. नवखे लोक सुंदर बाजू जपतात आणि मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटवून टाकतात. अर्धा पुरावा तिथे असतो. मी स्वतः पहिल्या वर्षी सात पानं अशी चिकटवली. त्यातल्या एकाचंही साल आज सांगता येत नाही. नुसती चित्रं राहिली.

पडताळायला घरबसल्या दोन जागा आहेत. 'लाइफ'चे सगळे अंक गूगल बुक्सवर पूर्ण पाहता येतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा 'अ‍ॅड अ‍ॅक्सेस' हा संग्रह १९११ ते १९५५च्या जाहिरातींचा आहे, त्यात वाहतुकीचा वेगळा विभाग आहे. तिथे जुळी जाहिरात सापडली तर तारीख तयार मिळते.

६. सोडवणं आणि साफ करणं

अंक पूर्ण असेल तर पान काढू नका. आधीच विस्कटलेला असेल तरच काढा.

टाचणी गंजलेली असते. पुढून ओढली तर कागदासकट येते. अंक पालथा घाला, मागची दोन टोकं बोथट पात्याने एकेक करून उभी करा, पातं आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी ठेवा. मग अंक सुलटा करून टाचणी वर उचला. गंजाची पूड लगेच ब्रशने झटका, फुंकर मारू नका. फुंकरीत थुंकी असते.

साफसफाई म्हणजे कोरड्या ब्रशने मधून कडेकडे. ओलं फडकं नाही, डाग काढायचा खटाटोप नाही. आणि खालच्या चार गोष्टी घरात असल्या तरी या टेबलावर नकोत: सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, लॅमिनेशन. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदाच्या आत मुरतो. लॅमिनेशन उष्णतेने वितळवलेलं प्लास्टिक आहे, ते परत निघत नाही. मी १९३८च्या एका डायनिंग कारच्या पानाचं लॅमिनेशन केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "आता शंभर वर्षं बघायला नको." खरंय, बघवत नाही.

फाटलं असेल आणि जोडायचंच असेल तर जपानी टिश्यू कागदाची बारीक पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. खळ म्हणजे काय हे पूर्व भागातल्या विणकरांच्या गावात समजावून द्यायला नको. पण मैद्याची करू नका, मैद्यात प्रथिनं असतात, त्यावर कीड येते. कुरडईसाठी गहू भिजवून काढतो तो चीक, त्याचा तळाला बसलेला पांढरा साका, तो शिजवून पातळ करायचा. आधी साध्या वर्तमानपत्रावर पंचवीस वेळा करून बघा.

७. स्कॅन आणि नोंद

दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआय, टिफ फाइल. रंग 'सुधारू' नका. पिवळेपणाही राहू द्या. नोंदवहीत क्रमांक, कुठे मिळालं, कुणाकडून, किती रुपये, माप, मागे काय आहे, साल कशावरून ठरवलं. पानावर क्रमांक टाकायचाच तर शिसपेन्सिलने, मागे, कोपऱ्यात. कंटाळवाणं आहे. करा.

८. ठेवायचं कुठे

माळ्यावर नाही. सोलापूरचा मे महिना, त्यात वर पत्रा. तिथे ठेवलेला कागद पापडासारखा मोडतो. घरातली सगळ्यात थंड, अंधारी, जमिनीपासून वर असलेली जागा शोधा. आमच्याकडे ती देवघराच्या शेजारच्या कपाटात मधला कप्पा आहे. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, पावसाळ्यात ओल आणि वाळवी तिथूनच येते.

आडवं ठेवा, गुंडाळी करू नका. पारदर्शक पिशवीला नव्या पावसाळी चपलेसारखा वास येत असेल तर ती पीव्हीसी. तिच्यातून निघणारे घटक शाईला चिकटतात. डांबर गोळ्या कागदाला लागू देऊ नका. कसर झाली तर महिन्यातून एकदा सगळं काढून सावलीत पसरा. महिन्यातून एकदा तुम्हालाही बघायला मिळतं.

भिंतीवर लावायचं असेल तर स्कॅनची प्रिंट लावा. सलूनमध्ये काचेला चिकटवलेले फोटो सगळे निळे झालेले पाहिले आहेत ना? उन्हात पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो, निळा-काळा उरतो. तुमच्या पानाचंही तेच होईल. आणि फ्रेमवाल्याकडे मूळ पान सोडून येऊ नका. मी सोडलं होतं. त्याने 'कडा वाकड्या होत्या मॅडम' म्हणून चारही बाजू सरळ कापून दिल्या. छापखान्याचं नाव आणि महिना खालच्या कडेत होता.

९. कागदपत्रं

पावती घ्या, साधी का असेना. परदेशातून मागवलंत तर सीमाशुल्क लागू शकतं, कुरिअर ओळखपत्राची प्रत मागतं. विक्रेत्याला पाकिटावर खरी किंमत लिहायला सांगा.

परदेशी विकायचं असेल तर जपून. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक, साहित्यिक वा कलात्मक मोल असलेला पंच्याहत्तर वर्षांहून जुना दस्तऐवज परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

आणि पान तुमचं असलं तरी चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. भारतात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. सरकारी कामाचा प्रकाशनापासून साठ वर्षं. घरात लावायला अडचण नाही. टी-शर्टवर छापून विकायचं डोक्यात असेल तर आधी हिशोब करा.

मामा अजून येतात. पूर्वी गठ्ठा न बघता टाकायचे, आता दारातच बसून पानं चाळतात आणि रेल्वे दिसली की बाजूला काढतात. गेल्या महिन्यात एका मासिकाचे ऐंशी रुपये मागितले. मी उघडून पाहिलं तर सिमेंटची जाहिरात होती, लांब कोपऱ्यात नखाएवढं इंजिन. "आगगाडी आहे की ओ अक्का," मामा म्हणाले. साठला तुटलं.